ग्रहणात कापलेलं पान

"कालपासून हललं नाही ते," असं सुलू म्हणाली तेव्हा माझी अर्धी दाढी झाली होती. रॉकेल संपलंय हे ती ज्या आवाजात सांगते त्याच आवाजात तिनं हे सांगितलं, त्यामुळे माझ्या तोंडून आधी "संध्याकाळी बघतो" असंच गेलं. मग ते वाक्य चुकीच्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखं खोलीत थोडा वेळ तसंच उभं राहिलं आणि मी वस्तरा खाली ठेवला. तिला आठवा महिना होता. गेले दोन महिने पोटातलं ते प्रकरण इतकं धडपडत होतं की सुलूनं पोटावर रिकामी बशी ठेवली की बशी हलायची, आणि मी शेजारच्या जिजाबाईंना बोलावून हा खेळ फुकट दाखवायचो. कालपासून म्हणजे कधीपासून, असं मी विचारलं. ती म्हणाली, दुपारपासून. चहाच्या वेळी एकदा लाथ मारलीन, मग नाही. हे सांगताना तिचं लक्ष पलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या आईकडे होतं आणि आवाज इतका खाली आणलेला होता की मला कळलं, 'दुपारपासून' हा तिच्या मनातला शब्द नव्हे. मनातला शब्द 'ग्रहणापासून' हा होता. तो तिनं उच्चारला नाही, मीही उच्चारला नाही. मी उरलेली दाढी केली. अर्धी दाढी केलेला माणूस घाबरलाय हे कुणाला पटत नाही, लोक हसतात.

डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, असं मी म्हणालो. त्या भाईंदरला फक्त सोमवारी येतात आणि आज शुक्रवार आहे, असं सुलू म्हणाली. शुक्रवारी पालीहून सरूबाई सुकट घेऊन येते, ती बघेल. सरूबाई ही आमच्याकडची सुईण. सगळ्या आळीची बाळंतपणं तिनं केलेली, आणि उरलेल्या वेळात ती मासळी विकते. हे दोन्ही धंदे ती एकाच टोपलीवर चालवते. ती येईपर्यंत पडून राहा, मी ऑफिसात सांगून येतो, असं मी म्हणालो. ऑफिसात सांगून यायला दहा मिनिटं लागतात. मी मात्र चपला घातल्या आणि काशीमिऱ्याच्या बसला जाऊन उभा राहिलो. आपण कुठं चाललोय हे मला स्टॉपवर पोचेपर्यंत ठाऊक नव्हतं असं मी अजूनही म्हणेन, पण पोटापाशी शर्टात धरलेलं माझ्याच कादंबरीचं पुस्तक घरातून निघतानाच घेतलेलं होतं, त्याला काय म्हणणार.

मी मिठागरावर मजुरांची हजेरी लिहितो आणि उरलेल्या वेळात भविष्यकाळ लिहितो. दोन वर्षांपूर्वी मी 'खारी पृथ्वी' नावाची विज्ञान-कादंबरी लिहिली. तिच्यात सन दोन हजार शहात्तर आहे. समुद्र आटलाय, सगळी पृथ्वी म्हणजे एकच मिठागर झालंय, माणसांची हजेरी यंत्रं घेतात आणि मुलं होणं बंद आहे. शेवटच्या आधीच्या प्रकरणात काचेच्या बरणीत एक मूल जन्मतं. ते ओठ उघडून पहिल्यांदा रडतं आणि हे रडणं कुठल्या रकान्यात घालायचं हे न कळल्यामुळे जगातली सगळी यंत्रं बंद पडतात. पाचशे प्रती छापल्या. त्यातल्या बहुतेक आमच्या खाटेखाली आहेत. खाट उंच हवी म्हणून आईनं चारी पायांखाली गठ्ठे सारले. सुलू भविष्यकाळावर झोपते, असा विनोद मी आल्यागेल्याला ऐकवत असे. बसमध्ये तो विनोद मला उगाचच आठवला आणि खिडकीबाहेर तोंड काढावंसं वाटलं.

बाहेर मीठ होतं. वैशाखात आमच्याकडे बाहेर दुसरं काही नसतं. पांढरे ढीग, त्यांच्यामधून डोक्यावर टोपल्या घेऊन चाललेल्या बायका, आणि ऊन असं की डोळे उघडे ठेवणं हेच एक काम होऊन बसतं. याच ढिगांवर धर्माजीशेठ भुलला होता. काशीमिऱ्याला हायवेवर त्याचं गॅरेज आहे आणि चार ट्रक. मीठ भरायला तो स्वतः एकदा आला, भर दुपारी ढिगांमध्ये उभा राहिला आणि हे तर चंद्रावर आल्यासारखं आहे, असं म्हणाला. मुकादमानं त्याला सांगितलं की आमचा हजेरीवाला असल्याच गोष्टी लिहितो. धर्माजीनं कादंबरी वाचली नाही. त्याच्या एका ड्रायव्हरनं वाचली, नाक्यावर ट्रक अडवून ठेवला होता तेव्हा, आणि त्यानं ती शेठला तोंडी सांगितली. त्यानं सांगितलेली कादंबरी माझ्यापेक्षा चांगली होती. शेठनं मला बोलावून घेतलं, रायटर म्हणून हाक मारली आणि पिक्चर काढायचा ठरवला. सेट फुकटात, मजूर फुकटात, यान म्हणजे जुन्या ट्रकची केबिन रुपेरी रंगवायची. शंभर वर्षं मात्र त्याला परवडणारी नव्हती. दोन हजार शहात्तरचे कपडे कुठून आणायचे? तेव्हा पुढच्या वर्षी असं होतं, असं दाखवायचं ठरलं. मी हो म्हणालो.

पिक्चरमधून मूल काढून टाकायचंही असंच ठरलं. गॅरेजात ट्रकखाली आडवं पडून काहीतरी बघता बघता त्यानं ते ठरवलं, मला फक्त त्याचे पाय दिसत होते. बरणी मिळेल, म्हणाला, मूल नाही मिळायचं. मिळालं तर रडायच्या वेळी झोपेल, झोपायच्या वेळी रडेल, तोवर ऊन निघून जाईल. "आणि सरकार काय बोलतंय? पोरं कमी करा. आपण पिक्चरमधनंच सुरुवात करू." आणीबाणीचं पहिलं वर्ष सरत आलं होतं, भिंतीभिंतीवर तेच लिहिलेलं होतं. मेकॅनिक हसले. मीही हसलो, सगळ्यांत जास्त मीच हसलो, कारण मला पिक्चर हवा होता. मग यंत्रं कशानं बंद पडणार, एवढं मी त्या पायांना विचारलं. पाय म्हणाले, फ्यूज उडेल. मला ते विज्ञानाच्या दृष्टीनं जास्त बरोबर वाटलं.

कादंबरीचा पिक्चर कसा करतात हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यानं मला सांगितलं. पुस्तक कातरायचं. लागतील तेवढ्या ओळी कापून फुलस्केपच्या मोठ्या वहीत एका बाजूला चिकटवायच्या, समोरच्या कोऱ्या बाजूला काय दिसतं ते लिहायचं. नको ते फेकायचं. पानं दोन्ही अंगांनी छापलेली असतात म्हणून दोन प्रती कापाव्या लागतात, एक सम पानांसाठी, एक विषम. वही शुक्रवारी सकाळी हवी होती, कॅमेरावाला येणार होता. ट्रक रिकामा होता म्हणून गुरुवारी दुपारीच त्याचा माणूस वही न्यायला येणार होता, मग संध्याकाळी येतो म्हणाला. आणि गुरुवारी दुपारी चारपासून ग्रहण होतं.

आईनं तयारी सकाळपासून केली होती. पाण्याच्या हंड्यात, दुधात, पिठाच्या डब्यात तुळशीची पानं पडली. पंखा असता तर त्यातही पडली असती. सुलूला तिनं भिंतीशी पाय सरळ करून बसवलं आणि नियम सांगितले. कापायचं नाही, चिरायचं नाही, टाचायचं नाही, घडी घालायची नाही, पाय दुमडायचा नाही, आभाळाकडे बघायचं नाही, खायचं नाही. "बोलायचं का?" असं मी विचारलं. आईनं जपमाळ उचलली. मग ती पलीकडे जिजाबाईंच्या खोलीत जपाला जाऊन बसली, तिथं आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्या जमल्या होत्या. भिंतीतून त्यांचं पुटपुटणं येत होतं. मी खाली बसून पुस्तक कापत होतो आणि मला जमत नव्हतं. कापेपर्यंत खळ वाळायची, खळ लावेपर्यंत चिठोरी उडायची. सुलू ब्लाउज शिवते. तिची कात्री कापडातून पाण्यासारखी जाते. ती भिंतीशी पाय लांब करून माझे हाल बघत होती आणि ओठ चावून हसू आवरत होती. तू काप, मी चिकटवतो, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. मग मी उठलो. ताटात एक नारळ ठेवला, तो सूर्य. एक लिंबू हातात धरलं, तो चंद्र. माझं डोकं ही पृथ्वी. लिंबू डोळ्यांसमोरून नेत मी तिला दाखवलं की ही निव्वळ सावली आहे, आणि सावलीनं कुणाचं काही कापलं जात नाही. मी हे वाचनालयातही एकदा सांगितलं होतं, तिथं अकरा माणसं होती. "तुमचं डोकं पृथ्वी," ती म्हणाली आणि हसली. मग हसू थांबलं आणि तिनं कात्री घेतली.

"तुम्ही म्हणताय म्हणून कापते," ती म्हणाली.

बसमध्ये हे वाक्य माझ्या शेजारी बसून होतं. तिनं कापायला घेतलं तेव्हा उजेड बदलला होता. काळोख झाला नाही, नुसता उजेड शिळा झाला, आणि दारातून आलेली उन्हाची पट्टी पितळेसारखी दिसू लागली. बाहेर कावळे होते ते गप्प झाले की मला तसं वाटलं, कोण जाणे. मी पानं देत होतो, ती कापत होती. काढून टाकायचं प्रकरण आलं. ती कापता कापता वाचायची, ही तिची सवय. ती थांबली. ह्याला का काढताय, तिनं विचारलं. बजेटमध्ये बसत नाही, मी म्हणालो. मला ते तेव्हा फार मजेशीर वाटलं होतं. तिनं कात्री फिरवली. ओळ जिथं तुटली तिथं मूल पहिल्यांदा ओठ उघडत होतं. ओठ एका चिठोऱ्यावर राहिले आणि रडणं दुसऱ्यावर. दोन्ही चिठोरी फेकायच्या ढिगावर गेली. तेवढ्यात तिचा एक हात पोटाकडे गेला आणि परत आला. मी बघितलं होतं. तेव्हा मला वाटलं, घाम पुसला. ग्रहण सुटल्यावर आई आली, सगळ्यांनी अंघोळ करायची असते, तिनं बंब पेटवायला कागद मागितला आणि मी तो ढीग तिच्या हातात दिला. म्हणजे त्या पानांवर तापलेल्या पाण्यानं सुलूनं अंघोळ केली. हे मी स्वतःच जुळवलेलं नाही, हे जुळलेलंच होतं, मला फक्त बसमध्ये दिसलं.

आमच्या गावी, रत्नागिरीकडे, नाथा म्हणून एक मुलगा होता. त्याचा वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. त्याच्या आईनं ग्रहणात भोपळा चिरला होता, असं सगळा गाव सांगायचा. भोपळ्यावर घातलेला वारही कुणीकुणी हातानं हवेत दाखवायचं. नाथा पाणी प्यायला की नाकातून यायचं. मी त्याची नक्कल फार छान करायचो. 'पाणी' हा शब्द तो कसा म्हणतो हे मी शाळेच्या पायऱ्यांवर बसून म्हणून दाखवायचो आणि मुलं लोळायची. एकदा नाथा मागे उभा होता हे मला माहीत नव्हतं. तो रागावला नाही, त्यानंच मला दुरुस्त करून दाखवलं, तसं नाही, असं. मग मी मोठा झालो आणि एका वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हा भोपळ्याशी काही संबंध नसलेला शरीराचा दोष आहे. ते छापून आलं. मला अजूनही तसंच वाटतं. काशीमिऱ्याच्या बसमध्ये बसून मला अगदी नक्की तसंच वाटत होतं, आणि तरीही मी त्या मुलाला पिक्चरमध्ये परत घालायला चाललो होतो. त्या दोन गोष्टी माझ्यात शेजारीशेजारी बसल्या होत्या, एकमेकींकडे न बघता, सरकारी दवाखान्यातल्या बाकावर बसतात तशा. माझं म्हणणं साधं होतं. मूल पिक्चरमध्ये घातलं तर काही बिघडणार नाही. कारण काही संबंधच नाही. आणि संबंध नाही तर घालायला काय हरकत आहे. असं मी मनात तीनचारदा मांडून बघितलं आणि प्रत्येक वेळी शेवटी पोटात थंडगार काहीतरी हललं. माझ्या पोटात. तिच्या पोटात हलायला हवं ते माझ्या पोटात हलत होतं.

धर्माजीशेठ गॅरेजात बाकड्यावर वही उघडून बसला होता. कॅमेरावाला अजून आला नव्हता. त्याला चिकटवलेलं काम आवडलं होतं, बोटानं दाखवत होता, किती सरळ कापलंय रायटर, हात बसलाय तुझा. मी शर्टातलं पुस्तक काढून पुढे धरलं आणि म्हणालो, मूल परत घालायचंय. त्यानं ऐकल्यासारखं केलं नाही. मी परत म्हणालो. काचेच्या बरणीत नको, कपड्यात गुंडाळून दाखवू, आत वीट ठेवू, चेहरा दाखवायलाच नको, नुसतं रडणं ऐकवू, रडणं मी स्वतः काढतो. मी तिथं, स्पॅनर आणि टायरांमध्ये, तसं रडून दाखवलं. चांगलं जमलं असावं, कारण एक मेकॅनिक वळून बघू लागला. शेठनं माझ्याकडे नीट बघितलं. झालं काय ते सांग, म्हणाला. आणि मी सांगितलं. ग्रहण, कात्री, प्रकरण, आणि सकाळपासूनचं, म्हणजे कालपासूनचं. मला वाटलं तो हसेल. तो हसला असता तर मला बरं वाटलं असतं, मी त्यासाठीच आलो होतो की काय असं मला नंतर वाटलं.

त्याचा हात वहीवरून बाजूला झाला. "ग्रहणात कातर लावली? पोटुशी बाईनी?" त्यानं हळूच विचारलं. "आणि ती वही माझ्या गॅरेजात?" त्यानं एक फडकं घेतलं, फडक्यानं वही बंद केली आणि तशीच फडक्यात धरून माझ्या मांडीवर ठेवली. माझी भीती एकटी आली होती, तिला तिथं जोडीदार मिळाला. हा माणूस हायवेवर ट्रक चालवतो, टायर फुटला तर शिवी देऊन उतरतो, आणि आता त्याचा चेहरा मिठासारखा झाला होता. प्रत्येक ट्रकला त्यानं लिंबू बांधलं होतं, नवा पिक्चर अजून उभाही राहिला नव्हता आणि त्याला आत्ताच नजर लागली होती. "तू शिकलेला ना रे," तो म्हणाला. शिकलेला आहे म्हणूनच झालं, असं मी म्हणालो. त्याला ते पटलं.

मग तो बराच वेळ रॉकेलनं हात पुसत बसला. एक एक बोट. मधेच म्हणाला, "बाई आता कुठाय?" घरी. "आणि तू इकडे पोर पिक्चरमध्ये घालायला आलायस." हो, मी म्हणालो. ते त्याच्या तोंडून इतकं सरळ निघालं की मला पहिल्यांदाच ते ऐकू आलं. तो उठला. ठाण्याला मोठ्या हॉस्पिटलात नेऊ, म्हणाला, रिकामी गाडी आहे, मागे गाद्या टाकू. मग खाली बघत म्हणाला, "मी एकदा गाडी उशिरा नेली होती." त्याच्या घरी मूलबाळ नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

येताना तो ट्रक इतका सावकाश चालवत होता की सायकली पुढे जात होत्या. घाईचं काम आहे, असं मी म्हणालो. खड्डे पाठ करतोय, तो म्हणाला, परत येताना बाई असेल. एकेका खड्ड्याशी तो थांबायचा, मान बाहेर काढून बघायचा, कुठल्या बाजूनं चाक घालायचं ते ठरवायचा आणि मग जायचा. मी शेजारी फडक्यातली वही मांडीवर घेऊन बसलो होतो. मला हसू यायला हवं होतं. रिकामा ट्रक, त्यात नसलेल्या बाईला धक्का लागू नये म्हणून जीव टाकून चालवलेला. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी हे घरी जाऊन सुलूला करून दाखवलं असतं, मान बाहेर काढून, डोळे बारीक करून, आणि तिनं पोट धरून, पुरे हो, असं म्हटलं असतं. मला तिचं ते पोट धरणं दिसलं आणि मी समोरच्या काचेवर मेलेला एक किडा बघत राहिलो. मेलेला असेल की नुसता चिकटलेला, हे कळत नव्हतं. वाऱ्यानं त्याचा पाय हलत होता. आपोआप हलणं आणि स्वतः हलणं यातला फरक काय, हे मला कुणीतरी त्या क्षणी समजावून सांगायला हवं होतं, नारळ आणि लिंबू घेऊन का होईना.

जिन्यात बायका होत्या. त्या बाजूला झाल्या, कुणी काही विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं. आमच्या जिन्यात कुणी गप्प बसत नाही. खोलीत सुलू खाटेवर कुशीला होती. सरूबाई तिच्या पायाशी, हात धुऊन, बाह्या वर करून. आई भिंतीला टेकून जमिनीवर. सुलूनं तिला सांगून टाकलं होतं, हे मला आईच्या बसण्यावरून कळलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तूच सांगितलंस ना तिला?"

हो, मी म्हणालो.

"मला हाक मारायचीस," आई म्हणाली. "मी कापलं असतं. माझं आता काय व्हायचंय?"

ती ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ग्रहणावर माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. मी वही कुठं ठेवावी हे न कळून ती हातातच धरून उभा राहिलो. खाली धर्माजीनं ट्रक आमच्या दाराशीच लावला होता आणि इंजिन चालू ठेवलं होतं. त्याचा स्टार्टर गेलेला होता, एकदा बंद केलं की ढकलायला चार माणसं लागतात. सरूबाईनं परत एकदा सुलूच्या पोटावर दोन्ही हात ठेवले, कणीक मळावी तसे नव्हे, कणकेखाली काही लपवलेलं शोधावं तसे. डोकं खाली हाय, म्हणाली, जागेवर हाय, वाईट न्हाय. पण हाताला उत्तर देत न्हाय. मी म्हणालो, गाडी आणलीय, ठाण्याला नेतो. तिनं मान हलवली. तिचं म्हणणं असं होतं की पोर कधी कधी दिवसभर निजतं, आठव्या महिन्यात निजतंच, आणि निजलेल्या पोराला ह्या रस्त्यानं ट्रकात घालून नेलं तर वाटेतच वेणा लागतील, मग ती आणि मूल दोन्ही हातचे जातील. आणि निजलेलं नसेल तर, म्हणजे तसं नसेल तर, एक मिनिट घालवायचं न्हाय. "कान लावून बघ," ती म्हणाली. "माझे हात हायत, कान गेले. पोरा, तू लाव." आईकडे बघितलं तर तिनं डोळे मिटून घेतले आणि मला नको सांगू, असं हातानंच केलं.

म्हणजे मी ऐकायचं, आणि मी सांगायचं, आणि मी सांगेन तसं करायचं. माझं म्हणणं ऐकायला एवढ्या लोकांनी कान टवकारलेले मी कधी बघितले नव्हते. मी खाटेशी गुडघे टेकले. सुलूनं पदर बाजूला केला. तिच्या चेहऱ्याकडे बघायचं मी टाळलं. सरूबाईनं बोटानं जागा दाखवली, बेंबीच्या खाली, डावीकडे. कातडं गरम होतं आणि साबणाचा वास येत होता, कालच्या अंघोळीचा. मी कान लावला. आधी पाणी ऐकू आलं, आत कुठंतरी, लांब, खाडीला भरती सुरू होताना यावं तसं. मग माझंच रक्त. मग काही नाही. मी श्वास धरला. दोन हजार शहात्तर साली बरणीला कान लावून उभा असलेला माणूस मी लिहिला होता, त्याला काय वाटतं ते मी दीड पान लिहिलं होतं, आणि त्यातली एकही ओळ खरी नव्हती. खरं म्हणजे काहीच वाटत नाही. सगळा माणूस एक कान होऊन जातो आणि त्या कानाच्या मागे कुणीही नसतं.

मग ते आलं. धडधड. हळू, पण आलं. एकसारखं, खोलवरून, थांबत नव्हतं. मी आणखी दाबून कान लावला, ते आणखी स्पष्ट झालं. माझ्या मानेतून काहीतरी सुटून खाली गेलं आणि मी म्हणालो, आहे. म्हणजे मी म्हणालो असं नव्हे, ते म्हटलं गेलं. आईनं इतका मोठा श्वास सोडला की तो मला पाठीवर लागला. खरंच का रे, म्हणाली. "चांगलं दणदणीत आहे," मी म्हणालो. दणदणीत हे म्हणायची काही गरज नव्हती; मला थांबता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. आई भिंतीला धरून उठली. ती गॅलरीत गेली, मला तिची पावलं ऐकू आली, आणि तिनं वाकून खाली हाक मारली, शेठ, ऐकू आलं, नको गाडी, झोपलंय ते.

मी कान तसाच ठेवून डोळे उघडले होते. समोर मांडणी होती. मांडणीवर पितळेचं तांब्याभांडं होतं आणि भांड्याच्या काठावर उपडा घातलेला चमचा. चमचा हलत होता. अगदी बारीक, एकसारखा, धडधड, धडधड, आणि खाटेचा लोखंडी दांडा माझ्या छातीला लागला होता तोही तसाच. मी त्या चमच्याकडे बघत होतो आणि मला सगळं कळत होतं. आई, थांब, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. गाडी राहू दे, बंद करू नको, किंवा बंद कर, म्हणजे मला ऐकू दे, यातलं काहीतरी एक. खालून धर्माजीचा आवाज आला, तो कुणाला तरी सांगत होता, मुलगा होणार बघ, पिक्चरमध्ये घेऊ त्याला. तो हसत होता. त्याचं हसणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यानं इंजिन बंद केलं.

चमचा थांबला आणि माझ्या कानातली धडधडही थांबली. जिन्यातल्या बायका बोलायला लागल्या होत्या. सुलूचा हात माझ्या डोक्यावर आला, केसांतून बोटं गेली आणि तिथंच राहिली.

"अजून येतंय ना?" तिनं विचारलं.

मी कान काढला नाही.